मळ्यातला कावळा, कुंडावरचा कावळा

मखमलाबाद, नाशिक
सोमवार, २२ सप्टेंबर २०२५

चि. स्नेहल हिला आईचे अनेक आशीर्वाद. सायलीला गालावर पापा.

वर श्री लिहिलेला नाही हेच आधी तुझ्या लक्षात येईल. श्री नसलेलं पत्र मयताचं असतं हे मीच तुला शिकवलंय. दचकू नकोस, घरातली सगळी माणसं जिवंत आहेत. श्री का नाही ते शेवटी सांगते. नावाआधी सौ. लिहायला हात गेला होता, तो मात्र आवरला. आजवर तुला पत्र लिहायची वेळ आली नाही आणि आली तेव्हा ही अशी.

म्हणशील, म्हातारीला पत्र काय सुचलं. अगं, माझा नंबर तू ब्लॉक केलास, महेशचा केलास, सुनबाईच्या फोनवरून लावला तर माझा नुसता श्वास ऐकून ठेवून दिलास. भावाला आणि आईला ब्लॉक करशील, पोस्टमनला कशी करशील? म्हणून बसले लिहायला. सातवीपर्यंत शिकले त्याचा काहीतरी उपयोग होऊ दे.

इकडचं बरं आहे. आज घट बसले. पाऊस उघडायचं नाव घेत नाही, बागेत घोट्याएवढा चिखल आहे, महेश दिवसभर फवारणीच्या मागे. कपिला व्याली, कालवड झाली, कपाळावर पांढरा टिळा आहे. शेजारच्या अक्काबाईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं. आता चालायला लावलंय तर बाई चालत चालत आमच्याच ओट्यावर येते आणि माझ्याकडून दोनदा चहा करून घेते. सायली यंदा पहिलीत गेली असेल ना? दप्तर कोणी घेतलं? दादाही बरे आहेत. जेवतात, झोपतात, मळ्यात फेरी मारून येतात.

हे वाक्य लिहिलं आणि पेन ठेवून उगाच मागच्या दारी जाऊन आले. खोटं लिहायला बसलं की माझं अक्षर बिघडतं. दादा बरे नाहीत.

लखनच्या दहाव्याचं बोलायचं आहे मला. वाचवत नसेल तर थोडं थांब, पण फाडू नकोस.

दोन वर्षांपूर्वी सावळ घाटात त्याची मोटारसायकल दरीत गेली तेव्हा तुला तिशीही लागली नव्हती. दहावं रामकुंडावर करायचं तूच म्हणालीस. त्यांच्या पेठकडच्या आदिवासींची रीत निराळी. तरी तानुबाई, पोटचा पोरगा गेलेली बाई, तुझ्या शब्दाखातर गावची माणसं टेम्पोत बसवून घेऊन आली. पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. समोर देवळाच्या शिखरावर ओळीने बसलेले, पण खाली एकही उतरेना. ऊन चढत गेलं. तू सांगितलंस, सायलीला खूप शिकवीन. तानुबाईने सांगितलं, सुनेला अंतर देणार नाही. तरी नाही. मग त्यांच्यातला एक म्हातारा म्हणाला की सासऱ्यांनी हात जोडावेत, त्यांनी पोराला कधी जावई म्हणून हाक मारली नाही, जीव त्यातच अडकला असंल.

सगळ्यांनी दादांकडे बघितलं. मी कोपराने ढोसलं, म्हटलं, "अहो, शब्द द्या." ते उठले, हात जोडले आणि उभे राहिले. तोंडातून अक्षर नाही. मला वाटलं, हाच तो अहंकार, माणूस मेला तरी सुटत नाही. आणि तेवढ्यात एक कावळा आपणहून खाली आला. दोन उड्या मारल्या, मान वाकडी केली, चोच पिंडाजवळ नेली. तानुबाईने पदर तोंडाला लावला.

पुढचं तुला सांगायला नको. दादांनी खाली वाकून खडा उचलला आणि "हाऽऽड्! हुर्रर्र हा!" करून भिरकावला. चाळीस वर्षं द्राक्षावरची पाखरं उठवलेला हात, नेम चुकतोय कशाला! कावळा पाण्यात पडला. मग जो कालवा उठला कावळ्यांचा, कानाला हात लावावा. त्यानंतर एकही खाली आला नाही. गुरुजींनी शेवटी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला लावून उरकलं. तानुबाई कोणालाच न बघता म्हणाली, "माझा पोर उपाशी गेला."

आणि दादा हसत होते. तू तेच बघितलंस. सगळ्यांसमोर तू म्हणालीस, "दादा, तुमच्या पिंडाला कावळा शिवायचा नाही. आणि तेव्हा मला बोलवायचंही नाही." सायलीला कडेवर घेतलंस आणि गेलीस. तुझ्या जागी मी असते तर चप्पल काढली असती.

मीही त्यांच्याशी बोलणं टाकलं. ताट आपटून वाढायचे. ते निमूट जेवायचे, भांडणसुद्धा करायचे नाहीत, त्याने मला अजून संताप यायचा. एकदा गवारी निवडायला समोर टाकली, रागाचं काम म्हणून. ते शेंग हातात धरून म्हणाले, "हे काय असतं?" मी म्हटलं, गवार. म्हणाले, "गवार म्हंजी काय?" मला वाटलं, खोड काढतायत. जन्मभर गवारीची भाजी खाल्लेला माणूस! चार दिवसांनी हातोडी. मग साबण. मग एकदा कपिलेकडे बोट करून, "हे कोणाचं हाय?" नाही गं, "हे काय हाय?"

महेश म्हणाला, वयाने विसरतात. पण विसरत नव्हते स्नेहल, हीच तर गंमत. काल कोण आलं, कोणत्या गाडीने आलं, चहा अर्धा टाकून गेलं, सगळं बिनचूक सांगायचे. दवाखान्यात दुसऱ्यांदा गेलो तर म्हणाले, "ह्या बाईनं मागच्या टायमाला पिवळी साडी घातली व्हती." डॉक्टरीण चकितच झाली.

ती गंगापूर रोडला बसते, मेंदूची. निफाडकडची शेतकऱ्याची पोर आहे, बोलायला मोकळी. तिने चित्रं दाखवली. पोपट दाखवला, दादा म्हणाले पाखरू. कोंबडी दाखवली, पाखरू. कावळा दाखवला, पाखरू. मांजर दाखवलं तर बराच वेळ बघून म्हणाले, "हे बी त्यातलंच." मला हसू आलं आणि मग हसू तोंडातच राहिलं.

मी तिला म्हटलं, बाई, आठवण धड आहे मग गेलं काय? ती म्हणाली, अर्थ गेला. मला धड कळेना. तेव्हा तिने विचारलं, "मावशी, कावळा म्हटलं की तुमच्या डोक्यात काय येतं?" मी म्हटलं, काळा, चोरटा, मेला द्राक्षं फोडतो. ती म्हणाली, "आणि रामकुंडावर?" तिला काही माहीत नव्हतं गं, तिने सहज विचारलं होतं.

मग तिने समजावलं. कावळा काही मेंदूत एका डब्यात भरून ठेवलेला नसतो. त्याचा रंग एकीकडे, ओरडणं एकीकडे, चोरी करतो हे तिसरीकडे, आपले वाडवडील त्याच्या रूपाने येतात हे आणखी कुठे. मध्ये एक जागा असते, ती हे सगळं गोळा करते आणि जिथे उभं असू तिथलं तेवढं पुढे करते. "तुमच्या मळ्यात विहीर एकच," ती म्हणाली, "पण पाणी कुठल्या ओळीला सोडायचं ते व्हॉल्व्ह ठरवतो ना? तसं." मळ्यात उभं राहिलं की चोर कावळा पुढे येतो, कुंडावर उभं राहिलं की पितर. आपण ठिकाण बघून कावळा बदलतो आणि आपल्याला पत्ताही नसतो. दादांची ती मधली जागा वाळत चाललीय. जे रोज हाताखालून गेलंय तेवढंच शेवटपर्यंत टिकतं, बाकीचं आधी जातं. हे दोन-तीन वर्षांपासून चालू असणार, म्हणाली. म्हणजे लखनच्या दहाव्याला ते होतंच.

घरी येताना रिक्षात मला सगळं परत दिसलं. "शब्द द्या" म्हटलं तेव्हा ते अडून बसले नव्हते, त्यांना कळलंच नव्हतं शब्द द्यायचा म्हणजे काय करायचं. पिंड म्हणजे काय, एवढी माणसं रडतात का, वर बघत का बसलीत, काही काही कळत नसणार. कोणी हात जोड म्हटलं, जोडले. आणि मग एक कावळा खाली उतरला आणि एवढ्या वेळात पहिल्यांदा त्यांना काहीतरी कळलं. पाखरू आलं, हाकला! म्हणून तोंड उजळलं त्यांचं. ते लखनला हसले नव्हते गं बाई. आपल्याला करता येण्यासारखं एक काम सापडलं म्हणून हसले.

हे वाचून तू म्हणशील, आईने बरी पळवाट शोधली. तर ऐक. लग्नाच्या वेळी जे बोलले ते मी आजारावर ढकलत नाही. पेठची माणसं बागेत कामाला चालतात, घरात चालत नाहीत, हे त्यांनी धडधाकट डोक्याने म्हटलं होतं, लखनच्या तोंडावर. त्याच लखनने आमच्या बागेत विरळणी केली, घडातले नको ते मणी काढावेत तर त्यानेच, असं हेच कौतुक करायचे. तेव्हा गवार म्हणजे काय, कावळा म्हणजे काय, सगळं ठाऊक होतं. त्या खड्यात जुना राग अजिबात नव्हता का? मी डॉक्टरणीला विचारलं. ती म्हणाली, मावशी, हे मशीनमध्ये दिसत नाही. मलाही माहीत नाही. मला माहीत नाही हेच मी तुला लिहितेय, त्यांना माफ कर म्हणून नाही लिहीत.

पेठला जाऊन तानुबाईलाही सांगून आले. वाटलं, दारातून घालवील. तिने नागलीची भाकर वाढली, सगळं ऐकलं आणि म्हणाली, "रोग तर रोग बाई. पण पोर माझाच गेला ना." मी मान खाली घालून भाकर खाल्ली.

आता कसं चाललंय ते सांगते. घरात ते पाहुण्यासारखे असतात. चमचा दिला तर बघत बसतात, कंगव्याने एकदा डाळ ढवळली. पण द्राक्षाच्या मांडवाखाली गेले की माणूस सरळ होतो. त्यांची ती लाल चिकटपट्टी गुंडाळलेली छाटणीची कात्री घरात टेबलावर ठेवली तर किडा असल्यासारखे लांब सरकतात. तीच वेलीखाली हातात दिली की अंगठा बरोबर जागेवर बसतो. मागच्या छाटणीला त्यांनी एकट्याने सहा ओळी केल्या, काडीवरचा एक डोळा चुकीचा कापला नाही. महेश बघत राहिला. वेलीला काय म्हणतात ते सांगता येत नाही, पण कुठल्या डोळ्यावर कापायचं ते हाताला ठाऊक. डॉक्टरीण म्हणाली, बाग आहे तोवर थोडंफार राहील, पण कधीतरी तेही जाईल, तयारी ठेवा. तयारी कशी ठेवतात तेवढं नाही सांगितलं.

तुझा फोटो दाखवला. लग्नातला नाही, कॉलेजातला, दोन वेण्यांचा. म्हणाले, "बाई हाय." मी म्हटलं, कोण बाई? म्हणाले, "बाई." सायलीचाही तसाच. तुलाच वेगळं काढलं असं समजू नकोस. मी सुद्धा बाईच झालेय. पदर खोचून मांडवाखाली फिरणारी बाई म्हणजे कामावरची, एवढंच त्यांच्या डोक्यात उरलंय. दिवे लागायच्या वेळेला रोज मला म्हणतात, "बाई, सुट्टी झाली. जा आता घरी, पोरं वाट बघत असतील." अगदी मायेने म्हणतात गं. जन्मात माझ्याशी इतक्या मायेने बोलले नव्हते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा गोठ्यात जाऊन कपिलेच्या गळ्यात पडून रडले. आता "बरं मालक" म्हणते आणि मागच्या दाराने घरात येते.

एक गोष्ट जाणार नाही अशी माझी खात्री होती. पाखरं उठवायची. मणी भरले की पहाटेपासून "हुर्रर्र हा" सुरू व्हायचं. यंदा तर मोसम नसतानासुद्धा तारेवर चिमणी दिसली तरी ओरडायचे. मला त्या ओरडण्याचा तिटकारा आला होता, कुंडावरचं आठवायचं. पण मनात म्हणायचे, ओरडू दे, तेवढं एक तरी त्यांचं आहे.

काल सर्वपित्री होती. मी लखनसाठी पान वाढलं. सासूने जावयाचं करायचं नसतं, मला शास्त्र शिकवू नकोस, पोर उपाशी गेला हे माझ्या कानाने ऐकलंय. वडे, खीर, कढी, गवारीची भाजी आणि त्याला आवडायची म्हणून नागलीची भाकर. पत्र्यावर पान ठेवून हाका मारल्या. पाऊस भुरभुरत होता, कावळा कुठला! खाली आले, दादांना ओट्यावर ताट वाढून दिलं. अक्काबाई बसलीच होती. म्हटलं, पाऊस थांबला की परत बघू.

मी दारातून पाणी घेऊन येत होते आणि कावळा उतरला. पत्र्यावर नाही, ओट्यावर. दादांच्या ताटाच्या काठावर बसला. मी तिथेच थांबले. म्हटलं, आता ओरडतील. दोन वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं, ओरडा हो, एकदा ओरडा. कावळ्याने वडा टोचला. मग भाकरीचा तुकडा उचलला. दादा बघत होते त्याच्याकडे. भिंतीकडे बघावं तसं. हात मांडीवर होता तो तिथेच राहिला. कावळ्याने पोटभर खाल्लं, चोच ताटाला पुसली आणि गेला. दादांनी उरलेलं ताट तसंच पुढे ओढलं आणि खायला लागले. मी धावत जाऊन काढून घेतलं.

अक्काबाई काठी टेकत उठली. फाटकापाशी जाऊन म्हणाली, "लंके, जित्या माणसाच्या ताटाला शिवला गं." आणि आज ती चहाला आली नाही.

म्हणून वर श्री नाही. सकाळी घटाला माळ घातली आणि तुला लिहायला बसले, तर हात श्री काढीचना. सुतकातल्या बाईसारखं वाटत होतं, आणि माणूस समोर ओट्यावर बसून पायाला लागलेला चिखल बघत होता.

तू म्हणाली होतीस, त्यांच्या पिंडाला कावळा शिवायचा नाही. शिवला स्नेहल. लखनच्या वाट्याची भाकर खाऊन गेला आणि त्यांनी त्याला हाकललं नाही. त्यांचं दहावं काल माझ्या ओट्यावर झालं. उद्या ते खरंच गेले तर मी तुला बोलावणार नाही, तुझा शब्द मोडणार नाही. तेव्हा येऊन काय करशील, माणसं गोळा होतील आणि तुझ्या तोंडाकडे बघतील. यायचं तर आत्ता ये.

दसरा झाला की छाटणी आहे. पाखरं गेली तशी कात्री कधी जाईल सांगता येत नाही, बहुतेक हीच शेवटची. ते तुला ओळखणार नाहीत. आशा धरून येऊ नकोस, दारात रडू नकोस, घाबरतात. सरळ मांडवाखाली ये, पदर खोच आणि ओळीत उभी राहा. ते तुला कामावरची बाई समजतील, हातात कात्री देतील आणि कुठल्या डोळ्यावर कापायचं ते तुझ्या हाताला धरून दाखवतील. सात वर्षांची होतीस तेव्हा दाखवलं होतं, तसंच. भांडण करायचं असेल तर माझ्याशी कर, मला अजून सगळं कळतं. सायलीला आण. आणि तानुबाई येत असेल तर तिलाही आण. तिला ओळीत नको, मी घरात पाटावर बसवीन.

नाही आलीस तरी पत्राचं उत्तर पाठव. नुसतं "मिळालं" एवढं लिहिलंस तरी चालेल.

आता थांबते. दिवे लागायची वेळ झाली, ते उठून माझ्याकडेच येतायत. सुट्टी झाली म्हणतील.

तुझी आई,
लंकाबाई